अंथरूण नव्हे, पँट पाहून पाय पसरा!

संपादक मंडळाने मला 'पर्यावरण' हा विषय सुचवला होता. त्यावर दरवर्षी चार लेख येतात आणि पाचवा कुणी वाचत नाही. म्हणून मी विषय निवडला आहे, पँट! हसू नका. सकाळी साडेसातच्या वर्कशॉपपासून रात्री मेसच्या रांगेपर्यंत इंजिनिअरिंगचा विद्यार्थी जिच्यात जगतो, त्या वस्तूबद्दल आपण फक्त दोन प्रश्न विचारतो. कितीला पडली? आणि मला जाड तर दाखवत नाही ना? मी कॉन्व्हेंटची आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची. मजकुराची माझी.

आधी आपली थंडी समजून घेऊ. बीड जिल्हा म्हणजे काही मनाली नव्हे. पण बालाघाटच्या डोंगरावर, अंबाजोगाईकडे, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास येतो आणि दुपारी तोच 30 च्या जवळ जातो. म्हणजे आपली खरी अडचण कडाका नाही, फरक आहे. आतून मऊ लव असलेली जाड ट्रॅक पँट पहाटे स्वर्ग वाटते आणि दुपारच्या थर्मोडायनॅमिक्सच्या लेक्चरला आपलाच बॉयलर होतो. त्यामुळे 'सर्वात गरम पँट कोणती' हा प्रश्नच आपल्याकडे चुकीचा. पँट मध्यम जाडीचीच घ्यावी, पण आत एक इनर बसेल एवढी जागा तिच्यात असावी. ऊब कापडापेक्षा त्यात आणि दोन थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेची असते. घट्ट स्किन-फिटमध्ये हवेला जागाच नाही, मग ऊब येणार कुठून?

आता सगळ्यांची लाडकी जीन्स. जीन्सविरुद्ध माझं वैयक्तिक भांडण नाही, माझ्याकडेही दोन आहेत. पण जीन्स मुख्यतः सुती, आणि सुताला पाणी फार प्रिय. नेहमीच्या दमट हवेत (आर्द्रता 65 टक्के धरा) कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी नुसतं हवेतून घेऊन बसतो. नायलॉन चार-साडेचार टक्के घेतो आणि पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के. धुतल्यावर किंवा दवात भिजल्यावर हा फरक आणखी जाणवतो. आमच्या गच्चीवरच्या तारेवर शेजारी शेजारी वाळत घातलेली पॉलिस्टरची पँट जेवणाच्या सुट्टीपर्यंत कडकडीत वाळते, आणि जीन्सचा कमरपट्टा दुसऱ्या दिवशीही गारच.

ओल्या पँटीत थंडी का वाजते, हे तर आपल्याला सिलॅबसमध्येच आहे. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या जवळजवळ 24 पट. शिवाय बाष्पीभवन! समजा पँटीत 250 ग्रॅम पाणी आहे. एक ग्रॅम उडायला साधारण 2.4 किलोज्यूल लागतात, म्हणजे एकूण 600 किलोज्यूल, सुमारे 143 किलोकॅलरी. यातली काही उष्णता ऊन-वारा देतो, उरलेली आपल्या मांड्या देतात. अंदाजे मेसची एक भाकरी नुसती पँट वाळवण्यात खर्च झाली म्हणा ना!

लोकर मात्र वेगळीच चीज आहे. ती आपल्या वजनाच्या 30 टक्क्यांच्या आसपास ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही, आणि तिच्या कुरळ्या तंतूंत हवा टिकून राहते. धनगर बांधव भर पावसात घोंगडं पांघरून मेंढरांमागे उभे राहतात, ते उगाच नाही. पण घोंगड्याची पँट कोण शिवणार? टोचेल! आणि सुताला मी एवढी नावं ठेवली खरी, पण कोरड्या थंडीत सुती जाड कापडही उत्तम ऊब देतं. आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551 ते 1615) पंचीकरणाचा मजकूर ज्यावर लिहिला, ती पासोडी म्हणजे मुळात पांघरायचं जाड सुती वस्त्रच. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद! एवढी मोठी चिठ्ठी कॉपीसाठी आजवर कुणी केली नसेल. असो.

मुख्य मुद्दा आहे 'स्ट्रेच'चा. दुकानदार पँट दोन हातांनी ताणून दाखवतो, सोडतो, म्हणतो, "बघा ताई, फोर-वे लायक्रा!" आणि आपण खूश. लायक्रा हे खरं तर ब्रँडचं नाव. धाग्याची जात स्पँडेक्स, म्हणजे एक प्रकारचं पॉलियुरेथेन. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 साली तो शोधला. हा धागा आपल्या लांबीच्या पाचपट आणि त्याहून जास्त ताणला जातो, म्हणून पँटीत तो दोन ते पाच टक्के असला तरी भागतं. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा.

पण तो धागा कोणत्या दिशेने घातला आहे, हे लेबल सांगत नाही. बहुतेक स्ट्रेच जीन्समध्ये तो फक्त बाण्यात असतो, म्हणजे आडव्या धाग्यात. त्यामुळे पँट कमरेला, मांडीला आडवी ताणते. आपण उकिडवे बसतो तेव्हा काय होतं? गुडघ्यावरची कातडी उभ्या दिशेने एक तृतीयांशाहून जास्त ताणली जाते, आडवी त्या मानाने फारच थोडी. म्हणजे गरज उभ्या ताणाची आणि पँट देते आडवा! मग गुडघा आवळतो, मागून कमरपट्टा खाली सरकतो आणि आपण शर्ट खाली ओढत बसतो. खऱ्या फोर-वे कापडात ताण्यातही लवचीक धागा असतो. दुकानातच तपासता येतं. चिमटीत साधारण 10 सेंटिमीटर कापड धरा, आधी आडवं आणि मग उभं ताणा. दोन्हीकडे बारा-साडेबारापर्यंत सहज गेलं तर छान. मग सोडा. लगेच मूळ जागी आलं पाहिजे. रेंगाळत परत येणारं कापड महिनाभरात गुडघ्यावर दोन वाट्या उभ्या करतं. ट्रायल रूममध्ये नुसतं आरशात पाहू नका. उकिडवे बसा, मांडी घाला, एक पाय स्टुलावर ठेवा. बाहेर थांबलेले लोक काय म्हणतील याची चिंता त्यांनी करावी.

आणखी एक भेद. बाजारातली बहुतेक ट्रॅक पँट होजिअरी, म्हणजे बनियनसारखी फासे घालून विणलेली. ती ताणते मस्त, पण वारा आरपार जातो, आणि आपल्याकडच्या माळरानावर तिची दुर्दशा होते. धारूरच्या किल्ल्यावर होजिअरीची पँट घालून जा आणि परत आल्यावर कुसळं मोजा! बोरी-बाभळीचा एक काटा अडकला की धागा निघालाच. ट्रेकिंगच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या चांगल्या पँटी मागावर विणलेल्या घट्ट कापडाच्या असतात, नायलॉन किंवा पॉलिस्टर, सोबत थोडं स्पँडेक्स. कुसळं त्यावरून घसरतात. वॉटरप्रूफच्या नादी मात्र लागू नका. आपल्याकडे पावसात भिजण्यापेक्षा घामात भिजण्याची शक्यता जास्त.

हे सगळं मी एवढं कधी शोधलं असतं कुणास ठाऊक, पण माझी रूममेट आहे ना! तिचे आई-वडील दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आपल्या जिल्ह्यात हे नवल नाही. कितीतरी घरांचं हेच वेळापत्रक असतं. ती हिवाळी सुट्टीत घरी जात नाही, कारण घराला कुलूप असतं. ती फडावर जाते. (फड हा शब्द मला तमाशामुळे माहीत होता, उसामुळे नाही.) गेल्या वर्षी साठवलेले 700 रुपये पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "एकच पँट घ्यायचीय. कालिजातबी चालली पायजे अन् फडातबी. तू लई वाचायलीस ना, मग सांग कोन्ती घिऊ?"

प्रश्न सोपा नव्हता. पहाटे उसाच्या पानांवर दव असतं, त्यातून चाललं की गुडघ्यापर्यंत भिजायला होतं. पाचटाच्या कडा कातडी सोलतात. सतत वाकायचं, मोळी बांधायची. तिची आई नेसते काष्टा, वरून नवऱ्याचा जुना फुल शर्ट. विचार केला तर काष्टा ही किती हुशार रचना आहे! कापडात एक टक्का लायक्रा नाही, तरी वाकायला, बसायला, चालायला कुठेही आवळत नाही. कारण मोकळेपणा धाग्यात नाही, रचनेत आहे.

तिथून मला मियानी सापडली. सलवारीला किंवा जुन्या पायजम्याला दोन पायांच्या मध्ये जो शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा जोडतात, ती मियानी. साध्या पँटीत चार शिवणी एकाच बिंदूवर येतात आणि पाय फाकवला की सगळा ताण तिथेच. म्हणूनच पँट नेमकी तिथे आणि नेमकी गॅदरिंगच्या दिवशी उसवते. मियानी तो ताण वाटून घेते. परदेशी कंपन्यांच्या गिर्यारोहणाच्या महाग पँटी उलट्या करून पाहा, हाच तुकडा दिसेल! 700 रुपयांत तशी चांगली तयार पँट मिळेना, तेव्हा आम्ही कापड घेऊन टेलरकाकांकडे गेलो. कापड साधं टेरिकॉट, दोन भाग पॉलिस्टर आणि एक भाग कॉटन, शाळेच्या युनिफॉर्मचं असतं तेच. लवकर वाळतं, पाचटाला दाद देत नाही, स्वस्तही. काका म्हणाले, "पोरी, हे पायजम्याचं काम हाय. पँटीला कशाला लावतीस?" मी म्हटलं, "काका, तुम्ही लावून तर बघा." मग त्यांनीच पुढे होऊन गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना छोटे टक्स घातले, म्हणजे गुडघा वाकला की कापड तिथे आधीच वाकलेलं. कमरेला मागून इलास्टिक आणि आत नाडी. खाली पायाशीही नाडी, पाचट आणि किडे आत जाऊ नयेत म्हणून. खिशांबाबत मी अडून बसले. मुलींच्या पँटीला खिसे म्हणजे नुसती चित्रं काढलेली असतात! इथे मोबाईल पूर्ण आत जाईल एवढे खोल खिसे दोन्ही बाजूंना.

जानेवारीत ती परत आली. मी आधी पँटीचं विचारलं, आईबाबांचं नंतर (यावरून तिने मला सुनावलं). पहाटे भिजायची, पण ऊन वर आलं की तासाभरात वाळायची. वाकताना कुठेही आवळली नाही. दुपारी मात्र घाम यायचा आणि कापड अंगाला चिकटायचं. आणि कोपीपुढच्या चुलीतली एक ठिणगी उडून मांडीवर मसुराएवढं भोक पडलं होतं. कडा वितळून कडक झालेल्या.

ते भोक सगळ्यांनी येऊन बघून जावं असं आहे, विशेषतः फर्स्ट इयरच्या मुलांनी. कारण वेल्डिंग शॉपला अर्धा वर्ग स्ट्रेचच्या ट्रॅक पँटमध्ये येतो. पॉलिस्टर 250-260 अंशांना वितळतं, नायलॉन प्रकारानुसार 215 ते 265 ला. आणि वेल्डिंगचे उडणारे कण त्याच्या कितीतरी पट तापलेले असतात. कापूस जळतो, काळा पडतो, पण वितळत नाही. वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटतं आणि मग ते काढताना कातडीच निघते. त्यामुळे वर्कशॉपच्या दिवशी जाड सुती पँट. तिथे माझी जीन्सशी पूर्ण दिलजमाई आहे! पायाशी दुमडायची मात्र नाही, त्या घडीत ठिणगी जाऊन बसते. आणि लेथवर ढगळ काही नको. 1948 च्या कारखाने अधिनियमातही चालू यंत्राजवळ तपासणी करणाऱ्या कामगाराला अंगाबरोबर बसणारे कपडे हवेत, असं कलम 22 मध्ये लिहिलेलं होतं. शेकोटीलाही हाच नियम. गॅदरिंगच्या शेकोटीत नवी लायक्रा घालून पुढच्या रांगेत बसू नका.

राहता राहिली धुलाई. स्पँडेक्सचे दोन शत्रू, उष्णता आणि क्लोरीन. म्हणजे गीझरचं कढत पाणी नको, ब्लीचिंग पावडर तर नकोच नको, आणि इस्त्री फिरवायचीच असेल तर सर्वात कमी आचेवर, पँट उलटी करून. पिळताना दोन टोकांना दोघींनी धरून दोरीसारखा पीळ देण्याची आपल्या हॉस्टेलची जी पद्धत आहे, ती चादरींसाठी ठेवा. होजिअरीची ओली पँट कमरेने तारेवर टांगली की पाण्याच्या वजनाने लांबते, ती मधोमध आडवी टाकावी. आणि गच्चीच्या पूर्वेकडच्या तारेवर ऊन साडेआठलाच येतं. ती तार सोमवारी आणि गुरुवारी आमच्या रूमची आहे, हे सर्वांनी लक्षात ठेवावं.