शाळेचं वार्षिक नियोजन: जालन्यातल्या शिक्षकांना बदलता येणारं कॅलेंडर का हवं?

जूनमध्ये शाळा उघडली की शिक्षक वार्षिक नियोजन करतात. कोणता पाठ कधी, घटक चाचणी कधी, सत्र परीक्षा कधी, हे एका तक्त्यात मांडलं जातं. पण मागच्या वर्षीचाच तक्ता उतरवला, तर 2026-27 मध्ये तो फसणार आहे.

यंदा वेगळं काय?

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि पुढचे सण लांबले. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये ती 14 सप्टेंबरला आहे. लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरवरून 8 नोव्हेंबरवर गेलंय. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची 17 सप्टेंबर ही तारीख मात्र ठरलेली, त्यामुळे तो यंदा गणेशोत्सवातच येतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचं पहिलं सत्र लांबतं, दुसरं आखूड होतं.

मुलांचं काय अडतं?

जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी भागांतून अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात. 2025-26 चा गाळप हंगाम 1 नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळीनंतर सुरू झाला होता. यंदाही तो त्याच सुमारास सुरू झाला, तर कुटुंबं दिवाळीआधीच निघतील आणि सुट्टीच्या तोंडावर ठेवलेली सत्र परीक्षा मुलांची हुकेल.

दिवस किती हातात असतात?

शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाला पहिली ते पाचवीसाठी किमान 200 दिवस आणि 800 तास, तर सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन हवं. 365 दिवसांतून 52 रविवार आणि 76 सुट्ट्या वजा केल्या की 237 दिवस उरतात. त्यातच परीक्षा, स्नेहसंमेलन आणि क्रीडा स्पर्धा बसवायच्या. निवडणूक आणि जनगणनेचं काम शिक्षकांना कायद्यानंच लागतं. दोनशिक्षकी शाळेत एक जण गेला की दुसऱ्याकडे सगळे वर्ग येतात.

कॅलेंडर कसं बनवायचं?

गुगल शीट्स मोफत आहे आणि मोबाइलवर चालतं.

• एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात सुट्टी किंवा कार्यक्रम, तिसऱ्यात पाठ.
• सुट्ट्यांची यादी वेगळ्या पानावर ठेवा. 'नेटवर्कडेज डॉट इंटल' हे सूत्र त्यावरून कामाचे दिवस मोजतं. त्यात 11 हा क्रमांक दिला की फक्त रविवार साप्ताहिक सुट्टी धरली जाते, शनिवारची सकाळची शाळा मोजली जाते.
• दर महिन्याला दोन दिवस रिकामे सोडा. अतिवृष्टीची सुट्टी किंवा प्रशिक्षण आलं, तर बुडालेला पाठ तिथे सरकवता येतो.
• शीट मुख्याध्यापक आणि सहकाऱ्यांसोबत शेअर करा. शिक्षक रजेवर असला, तरी आज काय शिकवायचं ते दिसतं.

स्थलांतराची तारीख कुठे लिहायची?

कोणती कुटुंबं जाणार, हे गावात बऱ्यापैकी आधी कळतं. मुकादमाकडून उचल घेतली की जाणं ठरतं. तो अंदाज कॅलेंडरमध्ये टाकला, तर वाचन आणि मूलभूत गणिताचे घटक ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकता येतात आणि या मुलांची चाचणीही आधी घेता येते.

जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्याची राज्यात पद्धत आहे. त्यावर मुलाच्या प्रगतीची नोंद असते आणि ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. काही मुलं हंगामी वसतिगृहात, गावातच राहतात. कुटुंबं साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात, तेव्हा राहिलेले घटक भरून काढायला दोन आठवडे जूनमध्येच राखून ठेवलेले बरे.