उशीर चालेल, पण ठरलेला

बीजीएमआय या मोबाइल गेमच्या मॅचमध्ये शंभर खेळाडू बेटावर उतरतात आणि अर्ध्या तासाच्या आत त्यांतले आठ-दहाच उरलेले असतात. खेळाच्या हद्दीचं वर्तुळ लहान होत आलेलं असतं, डावीकडच्या भिंतीमागे पावलं वाजतात, बोट उचललं जातं आणि नेमका तेव्हाच पडदा गोठतो. तो पुन्हा हलू लागेपर्यंत आपला खेळ संपलेला असतो. हे ज्यांच्या वाट्याला आलं आहे ती मुलंमुली बहुतेक वेळा एकाच दिशेने उपाय शोधतात: नवा फोन, महागडा प्लॅन, जास्त हर्ट्झचा पडदा. थोडक्यात, वेग. मला वाटतं, खेळायला बसण्याआधी सगळ्यात जास्त कष्ट घ्यायचे ते एकसारखेपणासाठी. फोन असो, वायफाय असो, बोटं असोत की मन, खेळ बिघडवतो तो हेलकावा.

त्यामागचं विज्ञान पाहण्यासारखं आहे. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत निरोगी तरुण माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद. आवाज ऐकून हालचाल करायला त्याहून थोडा कमी वेळ पुरतो. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो, १२० हर्ट्झचा दर ८.३ मिलिसेकंदांनी. त्यात सर्व्हरपर्यंत जाऊन परत येणाऱ्या निरोपाचा वेळ, म्हणजे पिंग, मिळवायचा. हे सगळे उशीर एकावर एक चढतात आणि तरीही धावत्या शत्रूवर नेम लागतो. कारण मेंदू वाट बघत बसत नाही. आपण बोट हलवलं की पुढे काय दिसेल आणि केव्हा दिसेल, याचा अंदाज तो आधीच बांधून ठेवतो.

२००१ साली डग्लस कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सुरेख दाखवून दिलं. त्यांनी लोकांना माउसच्या मदतीने पडद्यावरचं एक विमान अडथळ्यांमधून न्यायला सांगितलं आणि हाताची हालचाल व विमानाची हालचाल यांच्यामध्ये मुद्दाम सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा उशीर घातला. सुरुवातीला विमानं आदळत राहिली. सराव वाढला तसा लोकांचा हात बसत गेला. मग तो उशीर काढून टाकला, तर खेळ पुन्हा बिघडला! मेंदूने उशीर हिशेबात धरला होता आणि आता तो हिशेबच चुकत होता. २००६ मध्ये चेस स्टेटसन, डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढची गोष्ट नोंदवली. बटण दाबल्यावर किंचित उशिराने प्रकाश चमकायचा. लोकांना त्याची सवय लागल्यावर मध्येच प्रकाश लवकर चमकवला, तर त्यांना वाटू लागलं की प्रकाश आधी आला आणि बटण आपण नंतर दाबलं. कारण आणि परिणाम यांचा क्रमसुद्धा मेंदू सवयीने लावतो, हे वाचून मी थक्क झालो होतो.

पण सवय लागायला उशीर ठरलेला असावा लागतो. रोज दहा मिनिटं उशिरा येणाऱ्या एसटीचा गावाला फारसा त्रास होत नाही. माणसं तेवढ्या उशिराने घरून निघतात. कधी वेळेवर, कधी वीस मिनिटांनी येणारी गाडी मात्र रोज कुणाची तरी चुकते. पिंग सतत ७० मिलिसेकंद असेल, तर हात त्याच्याशी जुळवून घेतो. तो ३० आणि १५० मध्ये नाचू लागला, तर मेंदूला धरायला काही उरत नाही. ठरलेल्या उशिराने काहीच नुकसान होत नाही असं मात्र नाही. ज्याचा पिंग आपल्यापेक्षा कमी, त्याच्यापर्यंत बातमी आधी पोहोचते. पण तेवढ्याने रोजच्या खेळात जितकं नुकसान होतं, त्याहून कितीतरी जास्त हेलकाव्यांनी होतं.

फोनमधला सगळ्यात मोठा हेलकावा उष्णतेचा. बहुतेक मोबाइलच्या चिपला पंखा नसतो. तिची उष्णता मुख्यतः पाठीमागच्या पत्र्यातून किंवा काचेतून हवेत जाते. ती पुरेशी बाहेर पडली नाही, की फोन स्वतःला वाचवण्यासाठी चिपचा वेग उतरवतो, पडदा मंद करतो, कधी चार्जिंग थांबवतो. पहिल्या मॅचला लोण्यासारखा चाललेला गेम तिसऱ्या मॅचला अडखळतो, त्याचं कारण बहुधा हेच असतं. हिशेब करून पाहू. समजा, फोनची पाठ ४३ अंशांवर आहे. खोली २८ अंशांवर असेल, तर फरक १५ अंशांचा. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे खोलीच ३८ अंशांवर असेल, तर फरक उरतो ५ अंशांचा. उष्णता बाहेर जाण्याचा वेग ढोबळमानाने या फरकाच्या प्रमाणात असतो. म्हणजे फोन तोच, गेम तोच, पण उष्णता बाहेर पडते एक तृतीयांश. ॲपल कंपनी आपले आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेतच वापरायला सांगते. आपल्या राज्याच्या निम्म्याहून जास्त भागात उन्हाळ्याची दुपार त्या मर्यादेबाहेर असते.

त्यामुळे फोनची तयारी सुरू होते ती कव्हर काढण्यापासून. रबरी कव्हर उष्णता आतच कोंडतं. दुसरी गोष्ट, फोन आधी चार्ज करून घ्यावा. खेळता खेळता चार्जिंग लावलं, की चिपच्या उष्णतेत बॅटरीच्या उष्णतेची भर पडते, आणि तापलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. पंख्याच्या झोतात बसावं, कारण हलती हवा स्थिर हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता वाहून नेते. काही मुलं फोन फ्रीजमध्ये ठेवून थंड करतात. ते कृपा करून करू नका. गार फोन दमट हवेत बाहेर काढला, की त्यावर पाणी धरतं आणि ते आतही धरू शकतं. ग्राफिक्स ‘स्मूद’वर ठेवावं आणि फ्रेमरेट असा निवडावा, जो फोन शेवटच्या मॅचपर्यंत टिकवू शकेल. ९० वर सुरू होऊन ४५ वर घसरणाऱ्या खेळापेक्षा पहिल्यापासून शेवटपर्यंत ६० वर राहणारा खेळ हाताला जास्त कळतो.

नेटवर्कचंही तसंच आहे, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला किमान ३९ मिलिसेकंद. तिथल्या सर्व्हरवर खेळणाऱ्याला कोणताही प्लॅन यापेक्षा कमी पिंग देऊ शकत नाही. जे आपल्या हातात आहे ते घरातलं आहे. घरातला दुसरा फोन फोटोंचा बॅकअप चढवत असेल, तर राउटरच्या दारात माहितीच्या पुडक्यांची रांग लागते आणि आपलं इवलंसं पुडकं त्या रांगेत अडकतं. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या अभियंत्याने आपल्या घरच्या इंटरनेटचा पिच्छा पुरवत या दुखण्याचा छडा लावला आणि त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ झालं. गंमत अशी, की त्या वेळी स्पीड टेस्टवर आकडा उत्तमच दिसतो, कारण रांग लांब असली तरी ती पुढे सरकत असते. म्हणून बसण्याआधी बॅकअप आणि अपडेट थांबवावेत. राउटरला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे असतील, तर ५ चा घ्यावा. २.४ च्या पट्ट्यात शेजारपाजारचे सगळे राउटर असतात आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. वीज जाणाऱ्या गावात राउटरला छोटा यूपीएस लावणं हे महागड्या हेडफोनपेक्षा शहाणपणाचं.

हेडफोनचा विषय निघालाच आहे, तर ब्लूटूथबद्दल सांगायला हवं. साध्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज शंभर ते दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो. कान डोळ्यांपेक्षा जलद आहेत, हा फायदा तिथेच संपतो. वायरचा इअरफोन स्वस्त आहे आणि या कामाला तोच चांगला. आवाज मात्र बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही सुरक्षित मर्यादा मानते, आणि आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात.

कोकणात किंवा मुंबईत खेळणाऱ्यांना आणखी एक त्रास असतो: घाम. टचस्क्रीनला बोटाचा दाब कळत नाही, तिला बोटामुळे बदललेली विद्युत धारकता कळते. घामात मीठ असल्याने तो विजेचा वाहक असतो. त्याचा थर पसरला, की स्पर्श नेमका कुठे झाला याबाबत पडद्याची गफलत होते. शिवाय बोट कधी घसरतं, कधी चिकटतं. खेळाडू चांदीचे किंवा दुसरे वाहक धागे विणलेल्या फिंगर स्लीव्ह घालतात, त्या याचसाठी. साबणाने हात धुऊन कोरडे करणं आणि पडदा पुसणं, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

आता खेळणाऱ्याकडे वळू. १९८५ मध्ये डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागरणाचा परिणाम मोजण्यासाठी एक अगदी साधी चाचणी मांडली. पडद्यावर आकडा धावू लागला की बटण दाबायचं, दहा मिनिटं. आकडा केव्हा येईल हे ठरलेलं नसतं. झोप न झालेला माणूस इथे सरसकट संथ होतो असं नाही. त्याचे बरेचसे प्रतिसाद ठीकच असतात, पण मध्येच एखाद्या वेळी अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ काहीच घडत नाही. मेंदू तेवढ्यापुरता गैरहजर असतो. फोनच्या फ्रेम ड्रॉपचंच हे माणसातलं रूप आहे आणि त्यावर कोणताही फोन उपाय नाही. १९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की सलग १७ तास जागं राहिल्यावर हात आणि डोळे यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतका बिघडतो. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेली मुलगी रात्री अकराला सरावाला बसते, तेव्हा ती या अवस्थेत असते. चहा-कॉफीने तरतरी येते, पण कॅफिनचा निम्मा भाग सुमारे पाच तासांनीही शरीरात असतो. म्हणजे दहा वाजताच्या कॉफीची किंमत पहाटेची झोप मोजते आणि दुसऱ्या दिवशीचा खेळही. माझ्या मते कोणत्याही मोठ्या मॅचची पहिली तयारी आदल्या रात्रीची झोप ही आहे; बाकीचं सगळं त्यानंतर.

मनाचा हेलकावा जास्त अवघड. १९०८ मध्ये रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की सोपं काम शिकताना जास्त उत्तेजना चालते, पण काम अवघड असेल तर उत्तेजना एका मर्यादेपलीकडे गेली की शिकणं मंदावतं. नेम धरणं, नकाशा वाचणं, तीन साथीदारांचं ऐकणं आणि केव्हा चाल करून जायचं ते ठरवणं, हे सगळं एकदम करणं अवघडच काम आहे. बसण्याआधी दोन-तीन मिनिटं सावकाश श्वास सोडावा, श्वास घेण्यापेक्षा सोडणं लांब ठेवावं. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचा वेग उतरवतो. ही नुसती समजूत नाही, ईसीजीवर दिसणारी गोष्ट आहे.

हरल्यावर लगेच दुसरी मॅच लावणारा खेळाडू चिडून खेळतो. गेमर त्याला ‘टिल्ट’ झाला म्हणतात. त्या अवस्थेत निर्णय घ्यायचा म्हटलं, तर तो बहुतेक वेळा ‘अजून एक’ असाच होतो. म्हणून निर्णय आधी घेऊन ठेवायचा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं, की ‘मी स्वतःला आवरेन’ असा मोघम निश्चय फारसा टिकत नाही, पण ‘अमुक झालं तर तमुक करीन’ असा नेमका निश्चय जास्त पाळला जातो. ‘लागोपाठ दोन मॅच गेल्या, तर फोन ठेवून गच्चीवर चक्कर मारीन.’ हे वाक्य कागदावर लिहावं. वेळेचंही तसंच. २०२३ मध्ये बीजीएमआय भारतात परतला तेव्हा १८ वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली होती. घरातली मर्यादा त्याहून कमी असायला हरकत नाही, पण ती बसण्याआधी बोलून ठरलेली असावी. आईवडिलांनी एवढं जाणून घ्यावं, की ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही, आणि अर्धवट सोडली तर बाकीच्या तिघांचा खेळ बिघडतो. ‘नऊला जेवायचं आहे’ हे साडेआठलाच सांगितलं, तर मुलगा किंवा मुलगी त्या हिशेबाने शेवटची मॅच लावते. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

इतकं झाल्यावर थेट रँक्ड मॅचमध्ये उतरू नये. आधी दहा-पंधरा मिनिटं ट्रेनिंग ग्राउंडवर किंवा टीडीएममध्ये, म्हणजे टीम डेथमॅचमध्ये, घालवावीत. बोटं गरम होतात, हे एक कारण. हात गार असले की मज्जातंतूंमधून संदेशही सावकाश जातात, एसीत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दुसरं कारण कनिंगहॅमच्या विमानांचं. आजचा पिंग कालच्यासारखा असेलच असं नाही, सेन्सिटिव्हिटी बदलली असेल, फोनला नवी काच लावली असेल. मेंदूला आजचा उशीर मोजायला थोडे हुकलेले नेम लागतात, ते इथे हुकवून घ्यावेत. धावत्या माणसावर एकाच अंतरावरून नेम धरत राहावं. गोळ्या एकाच बाजूला, सारख्याच अंतराने हुकत असतील तर काळजी नको. हात ते भरून काढेल. त्या सगळीकडे विखरून जात असतील, तर पडद्यावरचा पिंगचा आकडा बघा, फोनची पाठ चाचपून बघा आणि काल रात्री किती वाजता झोपलात तेही आठवा.