फरशीखालची रेती: १:६ म्हणजे नक्की किती?

जुलैमध्ये सोसायटीच्या आवारात फरशीवर पाय ठेवावा, ती डुगडुगावी आणि खालचं गढूळ पाणी थेट पँटवर उडावं, हे अंधेरी ते मुलुंड सगळीकडे होतं. खापर गवंड्यावर फुटतं. पण बऱ्याचदा गडबड रेतीच्या ढिगातच झालेली असते.

आधी रेती कुठली ते बघू. खाडीच्या रेतीत मीठ असतं. नीट धुतली नसेल तर फरशीच्या सांध्यांतून पांढरा खार वर येतो आणि आजूबाजूच्या आरसीसीमधलं लोखंडही गंजू शकतं. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेती उपशावर निर्बंध आणले, आणि नंतर क्रश सँडचा वापर वाढत गेला. ही म्हणजे काळ्या दगडाचा, बेसाल्टचा चुरा. (अंधेरीची गिल्बर्ट हिलही बेसाल्टचीच.) आवारातल्या कामासाठी मी धुतलेली क्रश सँडच घेईन. फक्त खडी फोडताना उरलेली डस्ट तिच्या नावाने गळ्यात मारली जात नाही ना, हे बघा. डस्टमध्ये पीठ जास्त, त्यामुळे ती पाणी जास्त पिते आणि माल सुकल्यावर तडकतो.

नैसर्गिक रेती असेल तर माती तपासणं सोपं आहे. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वर गाळाचा थर बसतो. तो रेतीच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे १० सेंमी रेतीवर ८ मिमीहून जाड असेल, तर गाडी परत पाठवा.

आता खरी गंमत. १:६ हे प्रमाण घमेल्याने, म्हणजे आकारमानाने मोजतात. पण ओलसर रेती फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि मध्ये हवा भरते. साधारण ५ टक्के ओलाव्याला ही फुगवट २० ते ३० टक्के असू शकते. पूर्ण भिजली की रेती पुन्हा खाली बसते! म्हणून तपासणी अशी: सरळ उभ्या ग्लासात ओलसर रेती २० सेंमी भरा, मग ती बुडेल इतकं पाणी घालून ढवळा. रेती १६ सेंमीवर आली, तर फुगवट २५ टक्के.

याचा अर्थ? सिमेंटची ५० किलोची गोणी साधारण ३५ लिटर. १:६ साठी कोरडी रेती २१० लिटर लागते, पण अशी फुगलेली असेल तर २६२ लिटर मोजावी लागेल. २१०च मोजली तर माल प्रत्यक्षात १:४.८ झाला. सिमेंट वाया, आणि दुपारी उन्हात सुकलेल्या रेतीचा पुढचा माल वेगळाच. खरेदीतही तोच हिशोब: अशा ओल्या रेतीचा १ ब्रास, म्हणजे १०० घनफूट, घेतला तर कोरडी रेती ८० घनफूटच मिळते.

माल कालवताना रेती-सिमेंट आधी कोरडंच रंग एकसारखा होईपर्यंत फिरवा, पाणी नंतर. फरशीखाली घट्टसर माल हवा: मुठीत दाबला तर लाडू व्हावा, पाणी गळू नये. तासाभरात संपेल एवढाच करा. घट्ट झालेल्या मालात पाणी ओतून तो पुन्हा मऊ करायला देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

थर सलग, २५ ते ४० मिमी. चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये एक, असं काम दिसलं तर तिथेच थांबवा. त्या पोकळीतच पावसाचं पाणी साचतं. मीटरमागे साधारण १२ मिमी उतार गटाराच्या बाजूला ठेवा. फरशी बसली की हातोड्याच्या दांड्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर ती त्याच दिवशी उचलायला सांगा. मग सात दिवस पाणी मारायचं, आणि तोपर्यंत स्कूटर बाहेर.