हात आणि रस्ता यांच्यामधली दांडी

"काका, तुम्ही वर बसा आणि स्टेअरिंग नुसतं हलवत राहा. पूर्ण फिरवू नका."

मिस्त्री बॉनेटमध्ये वाकला होता. आमची जुनी बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोर, बदलापूरच्या मांजर्लीत, गल्लीत उभी होती. वळण संपलं की स्टेअरिंग आपसूक सरळ यायचं, ते येईनासं झालं होतं. मध्येच अडखळायचं, आणि सरळ रस्त्यावर दोन बोटं रिकामंच फिरायचं. मी मनात पॉवर स्टेअरिंगच्या पंपाला दोष देऊन बसलो होतो. मिस्त्रीने पंपाकडे पाहिलंही नाही. त्याने एका सांध्यावर हात ठेवला, मग त्याच्या खालच्या सांध्यावर. "वरचा लगेच उठतोय, खालचा उशिरा. शाफ्टचा क्रॉस गेलाय."

ही रिकामी फिरकी, म्हणजे प्ले, शोधायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. हालचाल जिथे हरवते तिथे दोष. कॉलम फिरतो पण स्टेअरिंग बॉक्समध्ये शिरणारी दांडी मागे राहते, तर शाफ्ट. दांडी फिरते पण पिटमन आर्म थांबून राहतो, तर बॉक्स. आर्म हलतो आणि चाक ढिम्म, तर टाय रॉडचे एंड. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता बॉक्स बदलून घेतलेली आणि प्ले तसाच राहिलेली एक गाडी मी स्वतः पाहिली आहे.

कॉलम आणि बॉक्स जोडणारा हा मधला शाफ्ट गाडीत नेहमीच नव्हता. 1940च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्या घराण्यातल्या जीपला रॉस पद्धतीचा कॅम-लिव्हर बॉक्स असे आणि चालकाच्या छातीसमोरून थेट त्या बॉक्सपर्यंत एकच सरळ लांब दांडी. बॉक्स चॅसीच्या पुढच्या भागात. समोरून धडक बसली की तो मागे सरकणार आणि दांडी भाल्यासारखी आत येणार. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1967च्या मॉडेलपासून धडकेत आक्रसणारा कॉलम बसवायला घेतला, आणि 1968पासून तिथल्या नियमाने धडकेच्या चाचणीत कॉलमने मागे किती सरकावं यावर मर्यादा घातली: 127 मिलिमीटर. दांडीचे तुकडे करून मध्ये सांधे घालण्याचा मोठा फायदा इथेच आहे. मधला शाफ्ट दुमडतो किंवा एकात एक सरकतो, आणि माणूस वाचतो. नवा शाफ्ट निवडताना हे डोक्यात नसेल तर बाकीची मापं जुळूनही उपयोग नाही.

सांध्यामागचं गणितही सुंदर आहे. याला युरोपात कार्डान म्हणतात, इंग्लंडमध्ये हूक, दोघेही जुने विद्वान; आपल्या गॅरेजमध्ये तो नुसता क्रॉस. एकच क्रॉस कोनात फिरवला तर एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. 30 अंशांच्या कोनाला हा फरक 13 टक्के मंद ते 15 टक्के जलद इतका असतो. म्हणून दोन क्रॉस लावतात: पहिल्याने केलेली चूक दुसरा फेडतो. पण त्यासाठी दोन्ही कोन सारखे हवेत आणि मधल्या दांडीच्या दोन्ही टोकांचे कान, म्हणजे क्रॉस धरणारे योक, एका ओळीत हवेत. कान चुकवून बसवले तर चुका फिटण्याऐवजी वाढतात, आणि हाताला एका बाजूला हलकं, दुसऱ्या बाजूला जड लागतं. मापं बरोबर, माल नवा, तरी स्टेअरिंग नाखूश असेल तर आधी कान बघावेत.

आमच्या भागात क्रॉस मरतो तो पाण्याने. बदलापूर पश्चिमेच्या सखल वस्त्यांना उल्हासचं पाणी नवीन नाही. 26 जुलै 2005 इथे कुणी विसरलेलं नाही, आणि 27 जुलै 2019ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली ते देशाने पाहिलं. गाडी त्यात उभी राहिली तर सुईसारखे बारीक रोलर असलेल्या त्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं, आणि काही महिन्यांनी सीलजवळ तांबूस भुकटी दिसू लागते. मग सांधा एका जागी घट्ट होतो. तोच अडखळा.

पण नवा शाफ्ट मोजण्याआधी मिस्त्रीने चॅसी आणि बॉडीच्या मधली रबरं दाबून पाहिली, हे मला विशेष वाटलं. कॉलम बॉडीवर असतो, बॉक्स चॅसीवर. खराब वाटेवर दोन्ही वेगवेगळे हलतात, त्यासाठीच शाफ्टच्या मध्ये सरकणारी जोड असते. रबरं बसली की बॉडी खाली येते आणि कोन बिघडतो. उलट शौकिनांनी बॉडीखाली ठोकळे घालून ती उचलली, तर शाफ्ट आखूड पडतो. पाटे बदलून उचलली तर या शाफ्टला फरक पडत नाही, कारण बॉडी आणि चॅसीमधलं अंतर तेवढंच राहतं. हे न पाहता लांबी मोजणं म्हणजे वाकलेल्या माणसाच्या मापाने सदरा शिवणं.

मग खरी निवड. कंपनीचा नवा, लोकल नवा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा काढलेला, की लेथवर करून घेतलेला?

शेवटच्या पर्यायाचा मोह आमच्याकडे फार. अंबरनाथला 1953पासून मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, एमआयडीसीत लेथवर हात बसलेली माणसं आहेत. जुन्या दांडीचा मधला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करणं त्यांना सहज जमेल. मी तरीही नाही म्हणेन. वेल्डच्या कडेचं पोलाद उष्णतेने बदलतं, ही दांडी आयुष्यभर डावी-उजवी पिळली जाते, आणि तडा सुरू होतो तो तिथेच. भरीव गजाचा तुकडा घातला तर धडकेत सरकणारी जोडही गेली. परदेशात दोन बाजू सपाट असलेल्या पोलादी दांडीचे तयार संच मिळतात, पण ते चाचणी केलेल्या सांध्यांसह येतात. गल्लीतला जुगाड त्या पंक्तीत बसत नाही.

काढलेला शाफ्ट वाईटच असतो असं नाही. मात्र तो कुठल्या गाडीतून निघाला हे कळत नाही. समोरून ठोकलेल्या गाडीचा असेल तर सरकणारा भाग आधीच आत गेलेला असू शकतो. घ्यायचाच तर जोड हाताने ओढून-दाबून पाहावी, क्रॉस दोन्ही दिशांना मुडपून पाहावा, दोन्ही टोकांचे स्प्लाइनचे दाते मोजावेत आणि व्यास व्हर्निअरने घ्यावा. दिसायला सारखी दोन टोकं दात्यांच्या संख्येत वेगळी निघतात, आणि ठोकून बसवलेला स्प्लाइन पुढे सुटतो.

नुसता क्रॉस बदलून भागेल का, हेही मी विचारलं. सर्क्लिपवाला असता तर भागलं असतं. आमच्या शाफ्टची टोपणं कारखान्यातच ठोकून बंद केलेली. आम्ही चॅसी नंबर देऊन कंपनीचाच मागवला.

बसवायला तासभर लागला, त्यातला बराच वेळ खुणा करण्यात. चाकं सरळ, स्टेअरिंग सीटच्या पट्ट्याने बांधलेलं, जुन्या जोडांवर खडूच्या रेघा. शाफ्ट दात्यांवर इतका सरकवायचा की पकडबोल्ट दांडीच्या खाचेतून आरपार गेला पाहिजे. खाच चुकली तर बोल्ट घट्ट वाटतो आणि शाफ्ट निसटू शकतो. बोल्ट-नट नवे, टॉर्क पान्याने आवळलेले. मग पुढची चाकं जॅकवर घेऊन डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवून पाहिलं, शाफ्ट सायलेन्सरला की होजला घासत नाही ना. शेवटी मिस्त्रीने दोन्ही बोल्टवर नटापासून जोडापर्यंत पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली.

"आठ दिवस बारवी धरणाच्या रस्त्याला फिरवा, मग दाखवायला आणा, काका."

आठ दिवसांनी गेलो. टॉर्च लावून त्याने खाली पाहिलं आणि मलाही वाकायला सांगितलं. दोन्ही रेघा अखंड होत्या.