दोन पाळ्यांचे डास

पहाटे पावणेसहाला नळ खाकरतो आणि वाड्यात खालून वर हाक जाते, "नर्मदा आली!" इंदूरला नळाचं पाणी असं नावानिशी येतं. सत्तरएक किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा चढ पंपांनी चढून, 1978 पासून ती आमच्याकडे येते आहे. येते मात्र एक दिवसाआड. म्हणून सराफ्यामागच्या या गल्लीत प्रत्येक घराला दोन दिवसांचं पाणी धरून ठेवावं लागतं: गच्चीवरची टाकी, मोरीतलं पिंप, हंडे, कळशा, वर दोन बादल्या "असू द्यात म्हणून". डासांची गोष्ट इथूनच सुरू होते, गटारापासून नव्हे.

सहा ते सात हा तास सासूबाईंचा. त्यांचा नियम एकच, घासल्याशिवाय भरायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा हे सोवळ्यातलं काहीतरी वाटलं होतं. पण डेंग्यूचा डास, एडिस, अंडी पाण्यावर घालतच नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवतो. पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथेच राहतात. सुकली तरी काही महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा चढलं की फुटतात. म्हणून काथ्याने कडा खरवडणं हे पाणी ओतण्यापेक्षा मोठं काम. या दिवसांच्या उकाड्यात अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं घासलं तर कोणत्याही अळीला पंख फुटायला वेळ मिळत नाही.

अडचण अशी, की नळ नसलेल्या दिवशी पिंप रिकामं करायची कोणाची छाती नसते. घासायचं ते नळ सुरू असतानाच. त्याच तासात डबे, देवपूजा आणि खालच्या बिऱ्हाडाशी मोटरवरून बाचाबाची. तळाशी उरलेलं पाणी फेकवत नाही, मग ते फडक्यातून गाळून फरशीला वापरायचं आणि फडकं उन्हात टाकायचं. अळ्या कोरड्यात लगेच मरतात. गटारात ओतल्या तर काही जगतातही.

साडेआठला गच्ची. पितृपक्ष चालू आहे. कावळ्यासाठी पान ठेवतात, शेजारी पाण्याची वाटी ठेवतात. पान कावळा नेतो, वाटी तशीच राहते. आजूबाजूच्या गच्च्यांवर अशा वाट्या ओळीने दिसतात. त्यांत तुळशीखालची बशी, मनीप्लांटची बाटली, फ्रिजच्या मागचा ट्रे आणि मे महिन्यापासून पोटात पाणी घेऊन बसलेला कूलर मिळवा. आम्ही कूलर आषाढातच सुकवून, गवताच्या जाळ्या काढून उलटा ठेवतो. टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपाच्या तोंडाला जाळी बांधलेली असते, ती एकदा हाताने चाचपायची. झाकण घट्ट असूनही त्या बोटभर भोकातून डास आत जातो. सगळ्यात फसवी ती ताडपत्री. रात्री सराफ्यात खाण्याचे ठेले लागतात, त्यांच्यावर पावसासाठी ताणलेली असते, दिवसा घडी घालून कोपऱ्यात टाकलेली. तिच्या सुरकुत्यांत ओंजळ-ओंजळ पाणी साचतं आणि एडिसला ओंजळ भरपूर होते.

अकराला दुकानं उघडतात. पितृपक्षात सोनं कोण घेणार? शेठजी गादीवर जांभया देतात, पण वरच्या माळ्यावर कारागीर नवरात्राच्या ऑर्डरी बनवत बसलेले असतात. मी चहा द्यायला जाते तेव्हा ते एका हाताने फुंकणी धरून दुसऱ्याने घोटा खाजवत असतात. ज्योत हलू नये, कीस उडू नये म्हणून पंखा बंद. "भाभी, पंखा चलाएँ तो सेठ का सोना उड़े, न चलाएँ तो हमारा ख़ून," एकजण म्हणाला. डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही, त्यामुळे पंखा हा घरातला सगळ्यात साधा उपाय, आणि नेमका तोच या धंद्याला चालत नाही. त्यातून एडिस दिवसा चावणारा. सकाळी ऊन वर येताना आणि संध्याकाळी मावळतीच्या आधी त्याचा जोर, पण अंधाऱ्या खोलीत दुपारीही सोडत नाही. पाटाखाली, लटकवलेल्या कपड्यांमागे दबा धरतो. घोट्यावर क्रीम, लांब पायजमा आणि खिडकीला जाळी, एवढंच त्यांच्या हातात. तो जन्मल्या ठिकाणापासून शे-दोनशे मीटरपलीकडे सहसा जात नाही. म्हणजे या माळ्यावर चावणारा याच गल्लीतल्या कुठल्यातरी भांड्यातला. जिथे झारेकरी केर धुऊन सोन्याचा कण शोधतात, तिथे बादलीत डोकावायला कोणी वाकत नाही, याची मला गंमत वाटते आणि रागही येतो.

दुपारी दोनला पालिकेची माणसं येतात. टॉर्च, पांढरी वाटी, लांब ड्रॉपर. कूलर बघतात, टाकी बघतात, रिकामं न करता येणाऱ्या पाण्यात टेमिफॉस टाकतात. वाड्याच्या जुन्या विहिरीत गंबुशिया मासे सोडलेले आहेत, ते अळ्या खातात. हा उपाय नवा नव्हे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हिंदुस्तानातल्या शहरांवर अहवाल लिहीत होते, तेव्हा हिवतापाच्या भीतीने तलाव बुजवायला निघालेल्यांना त्यांनी सांगितलं होतं, बुजवू नका, मासे आणि बदकं सोडा. हेच गेडिस 1917 च्या दिवाळीत होळकरांच्या इंदुरात होते. प्लेगचे दिवस. त्यांनी मिरवणूक काढली, तीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि मिरवणूक जाणार त्या वाटेवरची घरं लोकांनी आधीच झाडून घेतली. इंदूरवरचा त्यांचा अहवाल 1918 चा. 2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येणाऱ्या शहराने तो पुन्हा उघडावा. रस्ता आरशासारखा असला तरी मोरीतलं पिंप कोणाच्या गुणपत्रिकेत येत नाही.

पाचला खिडक्या लावून घ्यायच्या. शेजारी कॉइल पेटते. एका कॉइलमधून सूक्ष्म धूलिकण 75 ते 137 सिगारेटींइतके निघतात असं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. हे मी शेजारच्या काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग कडुलिंबाचा पाला जाळते." धूर तो धूरच, काकू. खालच्या मुलाला डेंग्यू झालाय, त्याला भर दिवसाही मच्छरदाणीत ठेवलंय हे मात्र त्याच्या घरच्यांनी बरोबर केलं. ताप असतानाच्या दिवसांत त्याला डास चावला, तर आठ-बारा दिवसांनी तोच डास दुसऱ्याला रोग देऊ लागतो आणि मरेपर्यंत देत राहतो.

साडेआठ-नऊला सोन्याची शटरं खाली येतात, ओट्यांवर शेगड्या चढतात. फॉगिंगची गाडी आली तर याच सुमारास. पांढरा धूर गल्ली भरतो, मुलं मागे धावतात, सगळ्यांना काहीतरी झाल्यासारखं वाटतं. उडते डास काही मरतात. अंडी, अळ्या आणि कपाटामागचा एडिस जागच्या जागी.

मग भुट्ट्याचा कीस, मावाबाटी, साबुदाण्याची खिचडी, आणि डासांचीही दुसरी पाळी. आता क्युलेक्स. हा घाण पाण्याचा, ठेल्यांच्या धुण्याने तुंबलेल्या नालीतला, रात्री चावणारा. चुलींच्या धगीत उभ्या गिऱ्हाइकाला तो जाणवत नाही, वर झोपणाऱ्याला जाणवतो. आमच्या पलंगांना मच्छरदाण्या आहेत, कडा गादीखाली खोचलेल्या.

दीडला ठेले आवरू लागतात. खालच्या चाटवाल्याचा निळा ड्रम अर्धा भरलेला, उघडा. "भैया, उलटा कर दो," मी खिडकीतून म्हणते. "भाभी, कल नल नहीं है, कल का पानी है ये." "तो ढक्कन?" "ढक्कन तो कब का चोरी हो गया." त्याचं खोटं नाही. मी सुती ओढणीचा तुकडा आणि सुतळी वरून टाकते. तो दोन वेढे देऊन बांधतो, मी सांगते, "और कस के," तो कुरकुरत तिसरा वेढा देतो.