विदर्भाचे थोर खेळाडू कोणते?

श्रोतेहो, भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यांत, चिखला नांवाचें एक खाणगांव आहे. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा लोहमार्ग याच भागांतून जातो. येथें भुयारी खाण असून तींतून मँगनीजचा दगड बाहेर काढतात. जवळच डोंगरी बुजुर्ग येथें उघडी खाण आहे. पोलाद तयार करण्यास मँगनीज लागतें, आणि म्हणून हा दगड आगगाडीनें दूरदूरच्या कारखान्यांस रवाना होतो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून या प्रदेशांत हें काम चालू आहे. १९६२ सालीं जुन्या इंग्रजी कंपनीच्या जागीं आजची 'मॉईल' ही कंपनी निघाली.

खाणीची ही हकीकत क्रिकेटवरील भाषणांत कशासाठीं, असें आपणांस वाटेल. त्याचें कारण असें कीं, आज जो वाद मी आपल्यापुढें मांडणार आहें तो मीं प्रथम चिखल्यास ऐकला, आणि खाणीचा संबंध त्या वादांत अगदीं शेवटपर्यंत येत राहिला.

२०२५ च्या मार्च महिन्यांत विदर्भानें रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. त्याच आठवड्यांत एका आप्ताकडे माझें चिखल्यास जाणें झालें. सायंकाळीं चहाच्या टपरीपाशीं मंडळी जमली होती. त्यांत पहिल्या पाळीहून परतलेले कामगार होते, दोन-तीन निवृत्त वृद्ध होते, एक शाळामास्तर होते आणि कॉलेजांत शिकणारीं कांहीं मुलें-मुलीहि होतीं. प्रश्न निघाला तो असा: विदर्भाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ संघ निवडावयाचा झाला तर त्यांत कोणकोण असावेत?

वरवर पाहतां हा रिकामपणचा खेळ आहे. परंतु थोडें बारकाईनें पाहिलें तर अशी यादी करतांना आपण दोन गोष्टी ठरवीत असतों. थोरवी कशानें मोजावी ही एक, आणि 'आपला' कोणास म्हणावें ही दुसरी. विदर्भाच्या बाबतींत ह्या दोनहि गोष्टी सोप्या नाहींत, कारण या संघाचा इतिहास विजयाचा फार थोडा आणि प्रतीक्षेचा फार मोठा आहे.

रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ च्या मोसमांत सुरू झाली. त्यावेळीं 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या नांवाचा संघ तींत उतरला होता. पुढें १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली आणि १९५७-५८ पासून 'विदर्भ' हें नांव या स्पर्धेंत दिसूं लागलें. तेव्हांपासून पहिला करंडक मिळेपर्यंत साठ वर्षें लोटलीं. एवढ्या काळांत आजे गेले, बाप निवृत्त झाले, नातवंडें कामाला लागलीं. संघ मात्र दरवर्षीं खेळत राहिला.

वादाचा आरंभ अर्थातच कोट्टारी कनकय्या नायडू यांच्यापासून झाला. सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं नागपुरांत झाला. १९२६ च्या डिसेंबरांत मुंबईच्या जिमखान्यावर हिंदु संघाकडून खेळतांना त्यांनीं इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध दोन तासांच्या आंत १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार होते. १९३२ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर भारत पहिला कसोटी सामना खेळला, त्या संघाचे नायक तेच होते. शाळामास्तर म्हणाले, "पहिलें नांव लिहा आणि मग पुढें बोला."

तेव्हां एका वृद्ध कामगारानें शांतपणें विचारलें, "पण गुरुजी, ते विदर्भाकडून खेळले केव्हां?" प्रश्न बिनतोड होता. नायडू १९२३ सालीं होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून इंदुरास गेले आणि त्यांच्या रणजी कारकीर्दींतील मोठा काळ होळकर संघांत गेला. रणजी करंडकांतील त्यांचा शेवटचा मोसम १९५६-५७ चा. वयाची साठी उलटल्यावरहि ते खेळत होते. आणि विदर्भाचा पहिला मोसम त्याच्या लगेच पुढचा! मूळ पुरुष गेला आणि मग घर बांधलें गेलें, असा हा योग आहे.

तो वृद्ध पुढें आपल्या बोलींत म्हणाला, "इथलं तं सारंच बाहेर जाते जी, दगड बी अन् पोट्टे बी." हें वाक्य मी विसरलों नाहीं. चिखल्याचा दगड परप्रांतांत जाऊन पोलाद होतो आणि पोलादावर नांव कारखान्याचें पडतें. नागपूरच्या खेळाडूंचेंहि पुष्कळ काळ असेंच झालें. नागपूरचा जलद गोलंदाज प्रशांत वैद्य १९९५-९६ च्या सुमारास भारतातर्फे एकदिवसीय सामने खेळला. परंतु त्यावेळीं रणजींत तो बंगालकडून खेळत असे.

याचें कारण खेळाडूंच्या मनांतील अप्रीति नव्हे. ज्या संघास मोठे सामने मिळत नाहींत त्यांतील खेळाडूकडे निवड करणारांची दृष्टि जात नाहीं. २००२-०३ पासून रणजी संघांचे वरचा व खालचा असे दोन गट झाले, आणि विदर्भाची वर्षें बहुधा खालच्या गटांत गेलीं. अशा स्थितींत गुणी माणूस बाहेर पडतो, तो गेल्यानें संघ आणखी दुबळा होतो, आणि दुबळ्या संघांतून पुढचा गुणीहि बाहेर पडतो. हें चक्र एकदां सुरू झालें म्हणजे तें थांबविणें कठीण जातें.

म्हणून त्या वृद्धानें पहिला मान मागितला तो जे राहिले त्यांच्यासाठीं. त्यानें फिरकी गोलंदाज प्रीतम गंधे यांचें नांव घेतलें. गंधे यांनीं पडत्या काळांत वर्षानुवर्षें विदर्भासाठीं गोलंदाजी केली व संघाचें नायकत्वहि केलें. त्यांच्या वांट्यास करंडक आला नाहीं. परंतु २००८ सालीं त्यांच्याच नायकत्वाखालीं एक मुलगा प्रथम रणजी सामना खेळला, आणि तेथून विदर्भाच्या क्रिकेटचा इतिहास पालटला.

तो मुलगा म्हणजे उमेश यादव. हें नांव निघतांच टपरीवरील सर्व माणसें सरसावून बसलीं, कारण उमेशचे वडील नागपूरजवळच्या वलनी येथील कोळशाच्या खाणींत कामाला होते. मुलगा खाणकामगारांच्या वस्तींत वाढला. पोलिसांत शिपाई होण्याचा त्यानें प्रयत्न केला, पण त्यांत यश आलें नाहीं. विशीच्या उंबरठ्यापर्यंत त्याचें क्रिकेट टेनिसच्या चेंडूचें होतें. कातडी चेंडू हातीं आला तो त्यानंतर. असें असतां २०११ च्या नोव्हेंबरांत दिल्लीस तो कसोटी सामना खेळला. विदर्भाच्या संघांतून कसोटी खेळाडू होणारा तो पहिला. २०१५ च्या विश्वचषकांत त्यानें १८ बळी घेतले. भारतीयांत ते सर्वांत अधिक होते. २०१९ च्या जानेवारींत केरळाविरुद्धच्या उपान्त्य सामन्यांत त्यानें अवघ्या ७९ धावांत १२ गडी बाद केले आणि सामना दोन दिवसांतच संपला.

एक तरुण कामगार म्हणाला, "काकाजी, हा दगड इथंच राहिला आणि इथंच पोलाद झाला." वृद्धानें मान डोलावली. या नांवावर मात्र कोणाचाहि मतभेद झाला नाहीं.

आतां विजयाच्या वर्षांकडे वळूं. २०१७-१८ च्या मोसमांत फैज फजल हा नायक होता आणि चंद्रकांत पंडित हे शिक्षक होते. कलकत्त्यास ईडन गार्डन्सवर कर्नाटकाविरुद्धचा उपान्त्य सामना विदर्भानें केवळ ५ धावांनीं जिंकला. अभियांत्रिकीचें शिक्षण घेतलेल्या रजनीश गुरबानी यानें त्यांत १२ बळी घेतले. पुढें इंदुरास दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यांत त्याच गुरबानीनें लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, आणि यष्टिरक्षक अक्षय वाडकर यानें १३३ धावा काढल्या. १ जानेवारी २०१८ रोजीं विदर्भ ९ गडी राखून विजयी झाला. ज्या इंदुरास नायडू गेले होते त्याच इंदुरांत हा पहिला करंडक मिळाला, ही गोष्ट शाळामास्तरांनीं मोठ्या समाधानानें सांगितली.

दुसऱ्या वर्षीं जामठा येथील मैदानावर सौराष्ट्राविरुद्ध विदर्भानें ७८ धावांनीं विजय मिळविला. आदित्य सरवटे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानें त्या सामन्यांत ११ बळी घेतले व चेतेश्वर पुजारा यास दोनहि डावांत स्वस्तांत बाद केलें. त्या मोसमांत वासिम जाफरच्या १०३७ धावा झाल्या.

येथें वाद पुन्हां पेटला. जाफर तर मुंबईचा! तो 'आपला' कसा? एका विद्यार्थ्यानें दिलेलें उत्तर मला पटलें. तो म्हणाला, "आमचे जन्मून बाहेर गेलेले तुम्हीं आमचे मानतां, मग बाहेर जन्मून आमच्यासाठीं राबलेला परका कसा?" खाणवस्तींत हा युक्तिवाद सहज पटतो, कारण तेथील अर्ध्याअधिक घरांचे पूर्वज दुसऱ्या गांवाहून, कांहीं दुसऱ्या प्रांतांतून कामासाठीं आलेले असतात. तेथें माणूस आपला ठरतो तो पाळीवर सोबत उतरल्यानें.

सरवट्याची गोष्ट याच्या उलट आहे. २०२४-२५ च्या मोसमांत तो केरळाकडे गेला, आणि योगायोग असा कीं, जामठ्यासच झालेल्या अंतिम सामन्यांत तो विदर्भाविरुद्ध उभा राहिला. पहिल्या डावांत त्यानें ७९ धावा काढून जुन्या सोबत्यांस चांगलेंच झुंजविलें. तो सामना २ मार्चला अनिर्णित सुटला. अंतिम सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावांतील आघाडीवर निकाल लागतो. विदर्भाच्या ३७९ धावांस केरळानें ३४२ नीं उत्तर दिलें होतें, म्हणून ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भास मिळाला. नायक होता तोच अक्षय वाडकर. हर्ष दुबे यानें त्या मोसमांत ६९ बळी घेऊन एका मोसमांतील सर्वाधिक बळींचा रणजीचा विक्रम केला. नागपूरच्या दानिश मालेवारनें अंतिम सामन्यांत १५३ धावा काढल्या. "म्हणजे नायडूंइतक्याच!" असें एक मुलगी उद्गारली, आणि क्षणभर सर्वजण गप्प झाले. जवळजवळ शंभर वर्षांचें अंतर एका आंकड्यानें जोडलें गेलें होतें.

त्याच मुलीनें मग विचारलें, "ह्या यादींत एकहि बाई नाहीं काय?" तेव्हां नागपूरच्या मोना मेश्रामचें नांव पुढें आलें. २०१७ सालीं जो भारतीय महिला संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, त्यांत तिची निवड झाली होती. स्त्रियांच्या संघाची यादी स्वतंत्र करावी व ती करण्याचें काम मुलींकडेच द्यावें, असें ठरलें.

जगांत इतरत्रहि अशा याद्या होतात. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा खेळ लोकप्रिय आहे. तेथें १९३६ सालीं थोर खेळाडूंच्या सन्मानगृहासाठीं पहिली निवड झाली व बेब रूथ, टाय कॉब इत्यादि पांच जणांस तो मान मिळाला. १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या यांकी संघानें आजारामुळें खेळ सोडावा लागलेल्या लू गेरिग याचा ४ हा क्रमांक पुन्हां कोणासहि न देण्याचें ठरविलें. ही प्रथा तेव्हांपासून पडली. संघाची स्मृति टिकविण्याचा तो एक मार्ग आहे. आमच्याकडे मात्र बहुतेक ठिकाणीं ही स्मृति चौकांतल्या गप्पांतच राहते, आणि सांगणारा गेला कीं तीहि जाते.

श्रोतेहो, त्या रात्रीं यादी अपुरी राहिली. फजल, जाफर, वाडकर, सरवटे, दुबे, उमेश यादव, गुरबानी आणि गंधे हीं आठ नांवें निश्चित झालीं. नायडू यांस अकरांत न धरतां सर्वांच्या वर लिहावें असा तोडगा निघाला. उरलेल्या तीन जागा मोकळ्या राहिल्या. त्या आपण भराव्यात.

निवड करतांना माझ्या मतें तीन प्रश्न विचारावेत. संघाला गरज होती तेव्हां हा माणूस उभा होता काय? त्याच्यामुळें पुढच्यांची वाट सोपी झाली काय? आणि त्याचें नांव घेतांच आपल्या गांवांतील मुलास 'मलाहि हें जमेल' असें वाटतें काय? धावा व बळी कोणत्याहि पुस्तकांत मिळतात. परंतु ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्यांनीं सामने पाहिले, ऐकले आणि पराभवाच्या वर्षींहि ज्यांनीं संघ सोडला नाहीं, त्यांच्यापाशींच मिळतात. म्हणून ते वृद्ध आहेत तोंवर त्यांना विचारून घ्या.

आम्हीं उठलों तेव्हां रात्रपाळीची मंडळी खाणीकडे निघाली होती. टपरीमागच्या मोकळ्या जागेंत दिव्याच्या उजेडांत कांहीं मुलें टेनिसच्या चेंडूनें खेळत होतीं. वृद्ध कामगार तेथें थांबला, एका मुलाची धांव त्यानें न्याहाळली, आणि घराकडे वळतांना एवढेंच म्हणाला, "चेंडू जोरात टाकते, जी."