ओम्नी ऑइल का खाते?

मंगळवेढ्यात ज्वारीची सुगी आली की जुन्या ओम्नी व्हॅनना उसंत नसते. मागची सीट काढलेली, आत मालदांडीची पोती रचलेली आणि रानातून डांबरीला चढताना सायलेन्सरमधून निळसर धूर. ‘गाडी ऑइल खायला लागली’ एवढंच म्हणून मालक अर्धा लिटर ओततो आणि पुढं निघतो. ते ऑइल नेमकं कुठून जातं, हे धुराच्या वेळेवरून बरंचसं कळतं.

मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात नवी ओम्नीसुद्धा जुनीच. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलायच्या कंटाळ्यापायी ऑइलची पट्टी महिनोन्महिने कुणी बघत नाही.

पिस्टनवर तीन रिंगा असतात. त्यातली खालची रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली चेंबरमध्ये पाठवते. रिंगा झिजल्या की ऑइल वर राहतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. भरली गाडी चढाला लागली की धूर सुटतो तो बहुधा यामुळं. दुसरी वाट व्हॉल्व्ह सीलची. हे रबरी सील उष्णतेनं कडक होतं, मग उभ्या गाडीत रात्रभर ऑइल थेंबथेंब झिरपतं. सकाळी स्टार्टर मारताच एक भपका येतो, थोड्या वेळात धूर निवळतो. सील बदलणं रिंगांच्या कामापेक्षा पुष्कळ स्वस्त. धूर नाही तरी पातळी उतरते आणि गाडीखाली डाग पडतो, तेव्हा गळती शोधायची.

रिंगा झिजवण्यात धुळीचा वाटा मोठा. मळणीच्या दिवसांत हवेत कोंडा आणि माती दोन्ही. काळी माती बोटांना मऊ लागते खरी, पण तिच्यातले वाळूचे सूक्ष्म कण इंजिनाच्या बिडापेक्षा कठीण असतात. रिंग आणि सिलिंडर यांच्यामधला ऑइलचा थर काही मायक्रॉनचा, तर माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. एअर फिल्टर फाटका असेल किंवा नीट बसला नसेल, तर हे कण त्या थरात शिरून पॉलिश पेपरसारखे घासतात. त्यामुळं सुगीत माझा पहिला आग्रह एअर फिल्टरचा, ऑइलचा त्यानंतर.

धूर थांबावा म्हणून घट्ट ऑइल घालायचा सल्ला हमखास मिळतो. इथं काकवी आठवावी. चुलाण्यावरून उतरवलेली काकवी पातळ धावते, थंडीत तीच भांड्याला चिकटून बसते. ऑइलचंही तसंच. २० डब्ल्यू ४० या आकड्यात डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंडीतला घट्टपणा दाखवतो, पलीकडचा तापलेल्या इंजिनातला. तापल्यावरही ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळ्यांचे रेणू घातलेले असतात. ते थंडीत आखडतात, उष्णतेत पसरतात आणि वापरून वापरून तुटतात. घट्ट ऑइलनं धूर कमी होईलही, पण सकाळी ते वरपर्यंत पोचायला वेळ घेतं आणि तेवढा वेळ वरचे भाग कोरडे घासतात.

ऑइल काळं पडलं म्हणून घाबरू नये. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दुधाळ, चहासारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी शिरलंय. हेड गॅसकेट तपासून घ्या. डॅशबोर्डवरचा लाल दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो चालू गाडीत लागला तर पंढरपूर गाठायचा विचार करू नका, कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करा.

सपाट जागी, बंद करून थोडं थांबल्यावर पट्टी काढा, फडक्यानं पुसा, पुन्हा बुडवून बघा. ऑइल ओताल तेव्हा किती ओतलं आणि मीटरचा आकडा किती, हे वहीत टिपा. तो हिशेब आणि धूर कधी येतो एवढं मिस्त्रीला सांगितलंत, की नुसतं सील बदलायचं का इंजिन खोलायचं, याचा अंदाज त्याला गाडीला हात लावायच्या आधीच येतो.